धुराड्यावरचं झाकण

कौल टिचतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. वाळक्या काटकीवर पाय पडावा, तेवढाच. पण लिंपून बंद केलेल्या भट्टीतून तो आवाज आला, की कौलं भाजणाऱ्या घरात हातातलं काम हातातच राहतं.

त्या संध्याकाळी थोरली अंगणात साचे धूत होती. भट्टीची तोंडं दुपारीच चिखलाने लिंपून झाली होती. आता आतली आग आतल्या आत निवायची होती, आणि निवेपर्यंत भट्टीला कोणी बोट लावायचं नव्हतं. ऊन उतरताच वारा सुटला. आणि मग तो आवाज आला. टिक. थोरलीने मान वर केली. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टिक, आणि त्यापाठोपाठ दोन-तीन एकदम.

ती शिडीकडे धावली. भट्टीच्या माथ्यावर चढताच तळपाय भाजले. धुराड्याचं तोंड आ वासून उघडं होतं, आणि लोखंडी झाकण त्याच्या शेजारी जसंच्या तसं पडलेलं होतं. गार वारा सरळ धुराड्यातून तापल्या कौलांवर उतरत होता. तिने पदराने कडी धरून झाकण ओढलं. पण आता त्याचा उपयोग नाही, हे तिला हात लावण्याआधीच कळलं होतं.

ते झाकण ओढायचं काम एकाच माणसाचं होतं. तोंडं लिंपून झाली की सासू स्वतः वर चढे, झाकण ओढी, कडांना ओला चिखल थापी आणि मगच खाली येऊन पाणी पिई. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात त्या कडीला लागलेला थोरलीने पाहिला नव्हता. भट्टी सासूच्या माहेरची. तिच्या बापाने ती तिच्या नावावर केली होती आणि तिचा नवरा या घरात येऊन राहिला होता. तोही गेला, मग थोरला मुलगा, थोरलीचा नवरा, गेला. धाकटा शहरात स्थिरावला. उरल्या त्या या दोघी, एकमेकींच्या चुका काढण्यात दिवस घालवणाऱ्या.

खाली माती तुडवणारा तिरप्या उभा होता. आयुष्यभर एकाच खांद्यावर ओझी वाहून त्याचा तो खांदा उतरला होता, म्हणून तो तिरप्या. रोजाने कामाला आलेल्या दोन बायकाही हात थांबवून बघत होत्या. आणि त्यांच्या पुढे, शिडीला धरून, सासू.

"काय गं?" ती म्हणाली.

सासूला रागावलेली, कुरकुरणारी, आजारी, रडतानाही थोरलीने पाहिलं होतं. घाबरलेली आज पहिल्यांदा पाहिली.

"माझ्याकडून राहिलं, आई," थोरली वरूनच म्हणाली. "तुम्ही झाक म्हणाला होतात. मी सावलीला टेकले आणि डोळा लागला."

 शिडीवरची सासूची बोटं आवळली आणि सैल झाली. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डोकं कुठे चरायला गेलं होतं तुझं?" आणि पाठ फिरवून घरात गेली.

भट्टी उघडली तेव्हा आतली निम्म्याहून जास्त कौलं चिरलेली निघाली. त्या मोसमात अवकाळी पावसाने वाळत घातलेली कच्ची कौलं आधीच दोनदा विरघळवली होती. आशा होती ती या भट्टीवर. शेडमागे खापऱ्यांचा ढीग झाला. कौलं न्यायला आलेले लोक ढिगाकडे बघत आणि मग थोरलीकडे. पाणवठ्यावर तिला पाहून कोणीतरी मोठ्याने जांभई दिली आणि बाकीच्या हसल्या. तिरप्याने तर तोंडावरच विचारलं, "थोरलीबाई, पुढच्या भट्टीला उशी आणू का वर?" थोरली त्यालाही हसली. अंगाला लागलेला चिखल जसा वाळून आपोआप गळतो, तसं हेही गळेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

पण ते गळलं नाही. धाकट्याच्या कानावर गेलं.

तो आला, भट्टीभोवती फिरला, खापरीचा एक तुकडा उचलून बराच वेळ हातात फिरवत राहिला. त्यांच्या जागेला लागून आता मोठा रस्ता गेला होता आणि पत्र्याच्या एका व्यापाऱ्याला तिथे गोदाम हवं होतं. हे धाकट्याने लपवलं नाही. लपवणारा तो नव्हता. आईसमोर बसून त्याने हळूच विचारलं, "आई, आज वार कोणता?"

"तुला सुट्टी आहे त्याअर्थी रविवार असेल."

"महिना?"

सासूने खिडकीतून बाहेर पाहिलं. "मळभ बघ आणि ओळख. मी काय पंचांग आहे?"

"मागच्या वेळी तू मला बाबांच्या नावाने हाक मारलीस."

"मग काय बिघडलं? चांगला माणूस होता."

धाकटा हसला नाही. जाताना त्याने थोरलीला बाजूला घेतलं. "वहिनी, झाकण तू विसरलीस, हे मी मानत नाही. तू तिला झाकतेस. पण किती दिवस? उद्या ती भट्टीच्या तोंडाशी पडली तर?"

 तो खरं बोलत होता. सासू विसरत होती. चुलीवर दूध ठेवून अंगणात जाई आणि परत येऊन दूध कोणी जाळलं म्हणून भांडे. कधीकधी थोरलीला "आक्का" म्हणे. आक्का म्हणजे सासूची सख्खी मोठी बहीण, केव्हाच वारलेली. थोरली त्या हाकेलाही ओ देई.

महिना उलटला नाही तोच कोर्टाचा शिपाई नोटीस घेऊन आला. आईची बुद्धी शाबूत राहिलेली नाही, तिच्या जीविताची आणि मालमत्तेची देखभाल करण्यासाठी आपल्याला पालक नेमावं, असा धाकट्याचा अर्ज होता. दोघींनी गाठलेल्या वकिलाने ते वाचून दाखवलं, तेव्हा सासूने एकच गोष्ट विचारली.

"पालक म्हणजे लहान मुलांना असतो तो ना?"

"तसाच, आजी."

"आणि तो मला विचारून भट्टी विकेल, की न विचारता?"

वकील तरुण होता, दाढीही धड न उगवलेला. त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. "कोर्टाला विचारून विकेल."

"म्हणजे मलाच तेवढं विचारायचं नाही," सासू म्हणाली.

त्यानंतर थोरलीने तिची शिकवणी सुरू केली. चिखलाचा गोळा तारेने कापताना ती विचारी, आई, वार कोणता. साच्यात चिखल दाबताना विचारी, महिना कोणता. वर्ष कोणतं, धाकट्याचं शिक्षण काय, घरात माणसं किती. सासू कधी बरोबर सांगे, कधी चिडे. एकदा तिने साच्यातून निघालेलं ओलं कौल थोरलीपुढे धरलं.

"याला विचारलंस का वार? तरी वाकलंय बघ किती नीट."

"आई, तिथे असं बोललात तर वेडी ठरवतील."

"आणि पोपटासारखी बोलले तर शहाणी ठरवतील?"

"हो," थोरली म्हणाली.

सासूने कौल फळीवर ठेवलं, कडेवरून अंगठा फिरवून ती गुळगुळीत केली. "बरं. विचार परत."

कोर्टाच्या दिवशी सासूने धुतलेलं, पण कडेला भाजल्याचा डाग असलेलं लुगडं नेसलं. दुसरं नेसा म्हटलं तर ऐकेना. बसमध्ये खिडकीशी बसून ती ओठ हलवत होती. वार, महिना, वर्ष. थोरलीला तिच्या त्या हलत्या ओठांकडे बघवेना. उभ्या आयुष्यात कुणाला घाबरून काही पाठ न केलेली ही बाई, आणि आपण तिला हे करायला लावलं.

कोर्टाची इमारत जुनी, उंच छताची. ओसरीवर बाकं होती आणि बसून बसून त्यांच्या फळ्या मधोमध खोलगट झाल्या होत्या. एका बाकावर नवरा-बायको एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि त्यांची मुलगी दोघांच्या मध्ये उभी राहून भिंतीचा पोपडा नखाने काढत होती. सासूने ओसरी एकवार निरखली.

"बाकं तेव्हा त्या भिंतीला होती," ती म्हणाली.

"कधी?"

"बाप गेल्यावर. त्याचं मृत्युपत्र खोटं आहे म्हणून चुलत्यांनी दावा लावला होता. बाईच्या हातून भट्टी पेटत नाही म्हणे. थोरला माझ्या पोटात होता. इथेच बसून मी सबंध दुपार ओकले आणि तोंड पुसून आत गेले." तिने बाकावर हात टेकला. "जिंकले."

हे सांगताना तिचा एकही शब्द अडखळला नाही. आज सकाळी काय खाल्लं, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

इतक्यात पट्टेवाला शिपाई दारात येऊन ओरडला, "पालक नेमणुकीचं प्रकरण. पेशंट कोण आहे?"

कोणीच हललं नाही. शिपायाने लुगड्यावरचा डाग पाहिला आणि बोट केलं. "आजी, तुम्हीच ना पेशंट?"

"पेशंट तुझ्या घरी असेल," सासू उठत म्हणाली. "माझी इथे मालमत्ता आहे."

बाकावरच्या भांडलेल्या नवरा-बायकोला एकाच वेळी हसू आलं आणि मग दोघांनी घाईघाईने पुन्हा पाठी फिरवल्या.

आत पंखा मोठा आवाज करत फिरत होता आणि वारा मात्र लागत नव्हता. न्यायाधीश बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, दिवसभराच्या कज्ज्यांनी दमलेल्या. धाकटा त्याच्या वकिलाच्या मागे बसला होता. आईला पाहताच तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

आधी थोरलीला बोलावलं. खोटं बोलणार नाही अशी शपथ तिने घेतली. धाकट्याचा वकील वयस्क, मृदू आवाजाचा. त्याने घाई केली नाही.

"भट्टीवरचं झाकण दरवेळी कोण लावतं?"

"सासूबाई."

"इतक्या वर्षांत तुम्ही किती वेळा लावलंत?"

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं.

"एकदाही नाही. तुमच्याकडे माती तुडवणाऱ्या माणसाने तसं सांगितलंय. मग त्याच दिवशी ते काम तुमच्याकडे कसं आलं?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"बाई, शपथ घेतलीय तुम्ही. मी सरळ विचारतो. त्या दिवशी झाकण लावायचं कोण विसरलं?"

पंखा फिरत राहिला. थोरलीने समोरच्या कठड्याची कड धरली. 'मी' म्हणायला एक क्षण पुरला असता. पाणवठ्यावर ती तेच म्हणाली होती, तिरप्यासमोर म्हणाली होती, आणि आता तर त्या एका अक्षरावर भट्टी, घर आणि या म्हातारीचं स्वतःच्या उंबऱ्यात मरणं अवलंबून होतं. तिने तोंड उघडलं.

"आक्का, तू बोलू नको."

मागून आलेला आवाज सासूचा होता. ती उभी राहिली होती. धाकट्याच्या वकिलाने हातातलं पेन खाली ठेवलं आणि न्यायाधीशबाईंकडे पाहिलं, जणू आता आपल्याला काही सिद्ध करायचं उरलं नाही. धाकट्याने डोळे मिटून घेतले. सासूचा तरुण वकील घाईने म्हणाला, "आजी, बसा, तुम्हाला नंतर बोलावतील." पण सासू बसली नाही.

न्यायाधीशबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आक्का कोण?"

"माझी बहीण. ती मेली." सासूने थोरलीकडे पाहिलं. "ही माझी थोरली सून. मला माहीत आहे ती कोण ते. जीभ तिकडे जाते, त्याला मी काय करू? आक्का अशीच माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घ्यायची, म्हणून जात असेल."

"तुम्हाला काही सांगायचंय का?"

"हो. इथून सांगू की तिथे येऊ?"

"या पुढे."

सासू कठड्याशी आली. थोरलीला तिने कोपराने बाजूला सारलं, चुलीपाशी सारायची तसंच.

"झाकण मी विसरले," ती म्हणाली. "हिला डोळाबिळा काही लागला नव्हता. ही खोटं बोलली आणि मी ते ऐकून घेतलं. गाव हिला हसलं, तेही ऐकून घेतलं. घाबरले होते म्हणून. कौलं फुटली त्याची लाज वाटत नाही मला, याची वाटते."

"आई," थोरली पुटपुटली.

"थांब जरा. आज वार बुधवार आहे. महिना, वर्ष हिने बसमध्ये पाठ करून घेतलं होतं, ते आता गेलं. बाई, मी विसरते. दूध जाळते. नवऱ्याच्या नावाने मुलाला हाक मारते. आणखी विसरेन. या मुलाचा अर्ज खोटा नाही." तिने धाकट्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "पण मला एक सांगा. विसरते म्हणून जे माझं आहे, ते माझं राहत नाही का? माझे हात माती मळतात, ते माझेच ना? मग भट्टी विकायची की ठेवायची, हे मला का विचारत नाहीत? मी काय उत्तर देईन ते याला पाठ आहे, म्हणून?"

 न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आणि समजा, मी आता तुम्हाला विचारलं?"

"ठेवायची."

"उद्या विचारलं तर?"

"उद्या मी विचारलेलं विसरेन. उत्तर तेच देईन."

न्यायाधीशबाईंच्या ओठांची कड किंचित हलली. मग त्या पुन्हा गंभीर झाल्या. "आजी, तुमच्या मुलाला तुमची काळजी आहे, हे मला दिसतंय. तुम्हाला मदत लागणार. ती कोणाची हवी? मुलाची?"

सासू बराच वेळ बोलली नाही. एवढा वेळ, की थोरलीला वाटलं, प्रश्नच विसरल्या.

"तो चांगला आहे," अखेर सासू म्हणाली. "पण तो मला जपून ठेवेल. मला जपून ठेवलेलं नको आहे, मला कामाला लावलेलं हवं आहे. ते हिला जमतं. आमचं पटत नाही, तरी जमतं."

दुपारनंतर निकाल सांगितला तेव्हा त्यातलं बरंचसं थोरलीला कळलं नाही. बाई टंकलेखकाला सावकाश मजकूर सांगत होत्या: स्वतःचं विसरणं जिला कळतं आणि स्वतःची इच्छा जी स्पष्ट सांगू शकते, तिच्यावर तिच्या इच्छेविरुद्ध पालक लादता येणार नाही, अर्ज नामंजूर, पुढे प्रकृती बिघडल्यास मुलाला पुन्हा येण्याची मुभा. शेवटचं वाक्य ऐकून सासूने नाक मुरडलं. "मुभा म्हणे. आईकडे यायला मुभा लागते का?"

ओसरीवर धाकटा वाट बघत उभा होता. त्याच्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या तळाशी काहीतरी वेगळं, जे थोरलीला बघवलं नाही.

"जिंकलीस," तो म्हणाला. "आणि वर चढताना पाय सुटला तर? भट्टीत पडलीस तर?"

"तर लाकडं वाचतील," सासू म्हणाली.

"आई, चेष्टा नको."

"मग काय करू? रडू?" तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली, त्याने मान मागे घेतली नाही. "एवढी काळजी आहे तर कौलं रचायला ये. तिरप्याचा तो खांदा आता चालत नाही आणि दुसऱ्या खांद्याला सवय नाही. गोदामवाल्याला सांग, म्हातारी हट्टी आहे. ते खोटं नाही."

धाकटा फाटकाकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत थांबला, वळून बघणार असं वाटलं, पण वळला नाही. सासू तो दिसेनासा होईपर्यंत उभी होती. मग थोरलीला म्हणाली, "आपण इथे कशाला आलो होतो ते मला माहीत आहे. उगाच सांगायला लागू नकोस."

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणणार होतीस."

बसमध्ये ती थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. एवढं हलकं ते डोकं, की थोरली सगळी वाट खांदा न हलवता बसून राहिली, आणि बाहेर कापणी झालेली, मोकळी शेतं मागे सरकत राहिली.

पुढची भट्टी लागायला पावसाळी ढग पार ओसरावे लागले. कौलं रचून झाली, लाकूड भरलं, आग चढली आणि उतरली. धाकटा आला नव्हता. पण त्याने शहरातून एक नवी लोखंडी शिडी पाठवली होती, दोन्ही बाजूंना धरायला कठडे असलेली. सासूने ती पाहिली, हलवून बघितली, आणि "म्हाताऱ्यांची आहे" म्हणून नाक मुरडत तीच भिंतीला लावली.

त्या दुपारी तोंडं लिंपून झाली तशी सासू कमरेला पदर खोचून वर चढली. थोरली खाली चिखलाचे हात धूत राहिली. मागे गेली नाही. तिरप्या तिच्याकडे बघत होता, पण त्याच्याकडेही तिने पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने सासू खाली उतरली, माठापाशी गेली, पाणी प्यायली. आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. कपाळावर आठी चढली.

"थोरले," ती म्हणाली, "विचार मला."

थोरलीने हात पुसले. तिरप्यासमोर, कामाच्या बायकांसमोर, मोठ्या आवाजात तिने विचारलं, "आई, झाकण लावलंत का?"

"लावलं असं वाटतंय. वर जाऊन बघ."

थोरली शिडीवर चढली. माथ्यावरची धग पायांना लागली. झाकण ओढलेलं होतं, पण पुरतं नाही. एका बाजूला हात जाईल एवढी फट राहिली होती आणि कडांना चिखल नव्हता. चिखलाचा गोळा शेजारीच पडला होता, वरून सुकत चाललेला. लांबच्या झाडांचे शेंडे हलू लागले होते.

खाली सगळे माना वर करून उभे होते. सासू शिडीला धरून उभी होती, त्या संध्याकाळी होती तशीच. फक्त आज तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थोडी चीड होती.

"उघडं आहे, आई," थोरली वरून स्पष्ट म्हणाली. "फट राहिलीय."

"मग ओढ की," खालून सासू खेकसली. "वारा सुटतोय. मुहूर्त बघत बसलीस का?"

थोरलीने कडीला हात घातला.